सात पिल्लांचा खोपा

अंबड, ६ जानेवारी १९७४

बेबीनंदा,

जयभीम. हे पत्र तुझ्या भावाच्या शाळेच्या पत्त्यावर टाकून राह्यलोय. वस्तीवर पोस्टमन कधी येतो, कधी न्हाई. गुरुजी आधी फोडून वाचतील, हे मला ठाऊक आहे. वाचू दे. रामकिसन गुरुजी, तुम्हालाबी जयभीम. वाचून झालं की बहिणीला द्या.

तू दिवाळीला माहेरी गेलीस ती चार दिसांसाठी. त्यावर आता आणिक एक दिवाळी होऊन गेली. पेटी नेलीस तवाच मला समजायला पायजे होतं. चार दिसाला कुणी पेटी नेत न्हाई. मंग तुझा निरोप आला, "मी तुमच्या वाटंतून बाजूला झाले, तुम्ही दुसरं बघा." सात वर्षं संसार केला, लेकरू झालं न्हाई, तर माझी वाट अडली असं तुला कुणी सांगितलं? माय बोलत होती ते मी ऐकत होतो. मी कधी तसं बोललो न्हाई. आजबी माय म्हणते, फारकत घे, माझ्या भावाच्या पोरीला विचारून ठेवलंय. मी जेवण करून गाडीवर निघून जातो.

गाडी तीच, संपत ड्रायव्हर तोच, पिच्चर दाखवायचं मशीन तेच. नवं म्हणजे रीळ. आरोग्य खात्याचे आतापर्यंतचे पिच्चर तू बघितलेत. डाक्टर टेबलामागून बोलतो, बाया माना हलवतात, लोक जांभया देतात. यावेळी मुंबईहून जे आलं त्यात माणूसच न्हाई. सगळी चित्रं. कुणीतरी हातानं काढलेली, रंगवलेली, अन् ती चालतात, बोलतात, खोकतातसुद्धा.

लिंबाच्या झाडावर चिमण्यांचे दोन खोपे आहेत. वरच्या फांदीवर एक जोडपं, त्याला दोन पिल्लं. चिमणा दाणा आणतो, पिल्लं गुमान खातात, पाठीला दप्तर लावून शाळेत जातात. खालच्या फांदीवर दुसरं जोडपं, त्याला सात. दाणा एक अन् चोची सात. त्यात सगळ्यात धाकटं लठ्ठ आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन दाणा हिसकतं. शेवटी फांदी वाकते, खोपा खाली पडतो. मंग कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण येतो, अन् एक बाई सांगते की दोन बस झाली.

आमच्या रामराव साहेबांनी खात्याचा हुकूम वाचून दाखवला. हा चित्रपट फक्त विवाहित स्त्री-पुरुषांना दाखवावा, मुलांना बसू देऊ नये. मी म्हणलं, "साहेब, चिमण्यांचा पिच्चर, अन् लेकरं न्हाईत?"

साहेब म्हणले, "कडूबा, चिमण्या हे निमित्त आहे. विषय मोठ्यांचा आहे."

संपत हळूच म्हणला, "मंग चित्रं कशाला काढायची लेकरांची? जेवणार कोण अन् ताट कुणाचं?"

मशीन बराबर चालतं का बघायला मी तो पिच्चर गोदामाच्या भिंतीवर लावला. एकटाच होतो. लठ्ठं पिल्लू दाणा गिळून उचकी देतं तिथं मला हसू आलं. हसल्यावर मी वळून बघितलं, आणिक कुणी हसतं का. मागं नुसती डीडीटीची पोती.

तुझी गोधडी इथंच राह्यलीय. मी ती पांघरत न्हाई. घडी घालून ठेवलीय.

कडूबा


हसनाबाद, २० जानेवारी

बेबीनंदा,

जयभीम. काल इथं खेळ केला. झाला तसा सगळा सांगतो, कारण दुसरं सांगायला कुणी न्हाई. संपत जेवला की झोपतो.

दुपारी भोंगा फिरवला, तर गाडीमागं सगळ्या गावची लेकरं. दिवेलागणीला पडदा बांधला तोवर तीच पुढं येऊन बसली, अगदी नाक पडद्याला लागंल अशी. साहेब म्हणले, उठवा. संपतनं उठवलं. एकेकाचा हात धरून बाहेर काढताना मलाच कसंतरी झालं. मंग पुरुष पुढं बसले. बाया नेहमीप्रमाणं पडद्याच्या मागल्या अंगाला. त्यांना अक्षरं उलटी दिसतात, पण पुरुषांपुढं बसावं लागत न्हाई, हे तुला माहीतच आहे.

पिच्चर सुरू झाला. कुणी हसंना. मोठी माणसं अशी बसली जशी कचेरीत बसतात, टोपी मांडीवर घेऊन. चिमणी चिमण्याला बोलायला लागली तसा एकजण बिडी पेटवून उठला. "पोरासोरांचा खेळ हाय हा. आमाला काय दाखवता?" त्याच्यामागं आणिक दहापाच उठले. साहेब माईकवर ओरडून राह्यले, "बसा, विषय तुमचाच आहे!" विषयाचं नाव ऐकून आणिक काही उठले.

तेवढ्यात शाळेच्या भिंतीवरून हसणं आलं. लेकरं तिकडून चढून बसली होती. लठ्ठ्या पिल्लानं उचकी दिली अन् ती सगळी एकदम उचक्या द्यायला लागली. मंग काय झालं, उठलेली माणसं थांबली. भिंतीवरच्या आपल्या लेकराकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, अन् हसली. त्या बिडीवाल्यानं तर लेकराला खाली घेऊन मांडीवर बसवलं अन् निवांत बसला. मला वाटतं लेकरू संगं असलं की मोठ्या माणसाला हसायची परवानगी मिळते. एकट्यानं हसलं तर लोक वळून बघतात.

मंग तो खोपा पडला. एक बारकी पोरगी मोठ्यानं रडायला लागली. "ते लठ्ठं कुठं गेलं? लठ्ठं कुठं गेलं?" पिच्चरमधी ते दाखवलंच न्हाई. खोपा पडतो अन् लगेच त्रिकोण येतो. तिचा बाप तिला उचलून माझ्याकडं मशीनपाशी घेऊन आला. "सांगा वो हिला कायतरी. ही रातभर झोपू देणार न्हाई."

मी काय सांगणार? मशीनला एक खटका आहे, तो मागं ओढला की रीळ उलटं फिरतं. मी ओढला. त्रिकोण गेला. पडलेला खोपा जमिनीवरून उठला, गवताच्या काड्या गोळा झाल्या, अन् सातबी पिल्लं घेऊन तो खोपा वर वर जात फांदीवर जाऊन बसला. असा गलका झाला म्हणून सांगू! लेकरं, बाप, पडद्यामागच्या बाया, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी रडायची थांबली. साहेब तेवढे हसले न्हाईत.

पडदा गुंडाळताना चांगुणाबाई म्हणून एक म्हातारी आली. आम्हाला पाण्याचा तांब्या तिनंच आणून दिल्ता. म्हणली, "दोन पिल्लाची दावली, सात पिल्लाची दावली. ज्या चिमणीला एकबी झालं न्हाई, तिचा खोपा कोणत्या फांदीवर हाय?"

मी म्हणलं, "ते दुसऱ्या रिळात हाय, आजी."

ती म्हणली, "मंग ते दावा की कवातरी."

दुसरं रीळ न्हाई. तुला म्हणून सांगतो.

कडूबा


अंबड, ५ फेब्रुवारी

बेबीनंदा,

जयभीम. साहेबांनी मला कचेरीत उभं केलं. त्यांचा आवाज कधी चढत न्हाई, पण त्या दिवशी चढला.

"अरे, पडलेला खोपा तू परत वर चढवलास! म्हणजे लोकांनी काय समजायचं? सात पिल्लं होऊ द्या, काही बिघडत नाही? सरकारचा प्रचार तू उलटा फिरवलास, कडूबा."

"पोरगी रडत होती, साहेब."

"म्हणूनच हुकूम आहे, मुलांना बसवू नका. हा मुलांचा चित्रपट नाही."

"मुलं उठवली तर मोठे बसत न्हाईत, साहेब. अन् मुलं बसवली तर ती सात पिल्लांच्या बाजूची. काय करू ते सांगा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चांगले आहेत. म्हणले, "मलाही कळत नाही. माझ्या बायकोला घरी सांगितलं तर ती म्हणाली, मला दाखवा एकदा ते लठ्ठं पिल्लू. तिला पन्नास वर्षं झालीत." मंग म्हणले, "पण रीळ उलटं फिरवायचं नाही. बिलकुल नाही."

आता लेकरांना बसू देतो, उलटं फिरवत न्हाई. खोपा पडला की त्यांची तोंडं मला दिसत न्हाईत, नुसती डोकी दिसतात. ती एकदम खाली होतात.

मधी औरंगाबादला जाऊन आलो. मशीनचा बल्ब गेल्ता, तो आणायचा होता. सकाळी गेलो, रात्री आलो. एस.टी.त उभ्यानं.

मायनं मामाच्या त्या पोरीला तिच्या आईसंगं घरी बोलवून घेतलं होतं. मला आधी सांगितलं न्हाई. पोरगी सतरा-अठराची असंल. चहाचा कप तिनंच माझ्यापुढं आणून ठेवला. मी चहा पेलो अन् बल्ब आणायला जायचंय म्हणून उठलो. बल्ब त्याच्या आधीच आणला होता.

कुंभार पिंपळगावची तारीख लागलीय. ९ मार्च. तुमच्या बाजाराच्या मैदानात खेळ आहे. तू येशील का? पिच्चरसाठी ये. माझ्याशी बोल असं मी म्हणत न्हाई. पण मला तुला एक सांगायचंय.

कडूबा


अंबड, २७ फेब्रुवारी

बेबीनंदा,

जयभीम. गेल्या पत्रात मी म्हणलं की एक सांगायचंय. त्यानंतर ते लिहायला बसलो, दोनदा, तीनदा, अन् कागद फाडला. कागदावर ते उतरत न्हाई. अन् गुरुजी वाचतात अशी शंका आहे, तिनंबी हात आखडतो. तोंडावर सांगीन.

सध्या रोज गाव बदलून राह्यलोय. सगळीकडं एकच प्रश्न. सरपंच विचारतात, पाटील विचारतात, शाळेचे मास्तर विचारतात, "हे लेकरांचं हाय का मोठ्यांचं?" मीबी आता पडद्याकडं बघत न्हाई, माणसांकडं बघतो. एक गोष्ट ध्यानात आलीय. लेकरं पडद्याकडं बघतात. मोठी माणसं थोडा वेळ पडद्याकडं बघतात अन् मंग एकमेकांकडं बघायला लागतात. सात पिल्लं आली की ज्याला सात आहेत त्याच्याकडं सगळे वळतात. तो हसतो, पण ते हसणं वेगळं असतं. ज्याला दोन आहेत तो छाती काढून बसतो. अन् ज्याला न्हाई तो मशीनमागं बसलेला असतो, त्याच्याकडं कुणी बघत न्हाई. ते एक बरं आहे.

संपतला त्याच्या घरून चिठ्ठी आली, मुलाला दात आला म्हणून. त्यानं ती मला वाचायला दिली, त्याला वाचता येत न्हाई. मी दोनदा वाचून दाखवली. मंग तो म्हणला, "आणखी एकदा वाचा की." वाचली.

९ तारखेला आम्ही दुपारीच पोचतो. आधी शाळेत गुरुजींना भेटीन.

कडूबा


अंबड, १२ मार्च

बेबीनंदा,

जयभीम.

९ तारखेला काय झालं ते तुला ठाऊक असंल, किंवा नसंल. तू तिथं होतीस का न्हाई हेच मला माहीत न्हाई. म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

दुपारी शाळेत गेलो. गुरुजी वर्गावर होते, बाहेर आले. त्यांनी मला बसा म्हणलं, पाणी दिलं. मी म्हणलं, तिला भेटायचंय. ते म्हणले, "ती न्हाई म्हणती." मी म्हणलं, पाच मिनिटं. ते म्हणले, "भाऊजी, तिला गावात लई ऐकून घ्यावं लागतं. आता कुठं ती बायांत उठून बसायला लागलीय. तुम्ही आलात, गेलात, की परत सुरू होईल." त्यांच्यावर माझा राग न्हाई. तेवढं बोलून ते वर्गात गेले अन् पाढे म्हणवून घ्यायला लागले.

मंग मी पडदा बांधला. बाजार उठला होता, तरी माणसं थांबून राह्यली होती. भोंगा गाडीवर होता, त्याचं तोंड वस्तीकडं. लेकरं पुढं, पुरुष त्यांच्यामागं, बाया पडद्याच्या पलीकडं. मी अलीकडून त्या पांढऱ्या पडद्यातून बघायचा प्रयत्न केला, पण पडद्यातून काही दिसत न्हाई. नुसत्या बांगड्या वाजत होत्या.

पिच्चर अर्ध्यावर आला. खाली सात पिल्लं भांडून राह्यली होती, लेकरं उचक्या देत होती. अन् पलीकडून एका बाईचा आवाज आला, चांगला मोठा. "अगं, गुरुजींच्या बहिणीला दावा हे! तिच्या खोप्यात तर दाणा खायलाच कुणी न्हाई!" अन् बाया हसल्या. सगळ्या न्हाई. पण हसल्या. मंग पुरुषांतून कुणीतरी विचारलं, "कोण? ती टाकलेली?"

मी मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. लोकांना वाटलं, बल्ब गेला. लेकरं ओरडायला लागली. माईक माझ्याजवळच होता.

मी म्हणलं, "मी कडूबा. अंबडचा. गुरुजींच्या बहिणीचा नवरा. मी तिला टाकलेलं न्हाई. आम्हाला लेकरू न्हाई ते माझ्यामुळं. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डाक्टरनं मला तपासलं अन् सांगितलं. तिच्यात काही दोष न्हाई. आता पिच्चर लावतो."

तुला सांगायचं होतं ते हेच.

आता कागदावर उतरलंय, तर सगळंच लिहितो. औरंगाबादला मी बल्ब आणायला गेलो न्हवतो. म्हणजे बल्बबी आणला. पण गेलो ते दवाखान्यात. हसनाबादच्या म्हातारीनं विचारल्यापासून डोक्यात तेच होतं. इतकी वर्षं तुलाच नेलं, तुलाच तपासलं, मायनं तुलाच काय काय पाजलं. मी कधी आत गेलोच न्हाई, बाहेर बाकड्यावर बसून राह्यलो. यावेळी मी आत गेलो. डाक्टरनं तपासलं, परत एकदा तपासलं. मंग विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" मी सांगितलं. तो म्हणला, "अन् तुम्ही आज आलात." पुढं तो बरंच बोलला, पण मला तेवढंच ऐकू आलं.

ती पोरगी येऊन गेली त्याच रात्री मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. बराच वेळ तिनं लाकूड पुढं सारलं, मागं ओढलं. मंग म्हणली, "हे कुणाजवळ बोलू नको. बाईच्या माथी गेलंय ते जाऊ दे. पुरुषाच्या माथी आलं की घर बसतं." तिच्या भावाच्या पोरीला तरी तिनं आता बोलवू नये, असं मी म्हणलं. त्या दिवसापासून तिनं त्या पोरीचं नाव काढलं न्हाई.

मैदानात मी बोललो तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. मंग एक पोरगं ओरडलं, "चिमण्या लावा की वो!" मी लावल्या. खोपा पडला, त्रिकोण आला, संपलं. त्या दिवशी कुणी जाता जाता विचारलं न्हाई की हे लेकरांचं का मोठ्यांचं. लेकरांना मी काय बोललो ते समजलंच न्हाई. ती उचक्या देत घरी गेली. मोठी माणसं माझ्याकडं न बघता मशीनच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, जसं पाणी दगडाच्या बाजूनं जातं.

परतीच्या वाटंवर अंबडचे दिवे दिसायला लागले तेव्हा साहेब म्हणले, "अहवालात काय लिहू?"

मी म्हणलं, "लिहा, मशीन मधीच बंद पडलं."

ते म्हणले, "बरं." मंग थोड्या वेळानं म्हणले, "मोठ्या माणसांसाठीच होतं म्हणायचं ते शेवटी." ते पिच्चरबद्दल बोलत होते का माझ्याबद्दल, मला समजलं न्हाई.

बेबीनंदा, आता तू मोकळी आहेस. गुरुजींनी तुझ्यासाठी दुसरीकडं बघितलं तर मी आड येणार न्हाई. कागदावर सही पायजे असंल तर अंबडच्या कोर्टात येऊन करीन. वाट अडली होती ती तुझी, माझी न्हाई. यापुढं पत्र लिहू का नको, तेवढं कळव. न्हाई कळवलंस तर लिहिणार न्हाई.

कडूबा


कुंभार पिंपळगाव, २५ मार्च १९७४

जयभीम.

तुमची सगळी पत्रं मिळाली. दादानं एकबी फोडलं न्हाई. शाळा सुटली की खिशात घालून आणायचा अन् चुलीपाशी ठेवायचा. तुम्ही उगाच त्याच्या नावानं हात आखडला.

मी होते. पडद्यामागं, शेजारच्या गोजरबाईच्या आडोशाला, पदर पुढं ओढून. दादाला म्हणलं होतं जाणार न्हाई, अन् गेले. जी बाई बोलली ती माझ्या पुढंच बसली होती, तिला मी मागं आहे हे ठाऊक न्हवतं. तुम्ही बोललात ते मला भोंग्यातून आलं अन् पडद्यापलीकडून तुमच्या तोंडातूनबी आलं, जरा मागंपुढं. सात वर्षांत तुम्ही एवढं मोठ्यानं कधी बोलला न्हाईत.

मला आनंद झाला असं तुम्हाला वाटलं असंल, तर झाला न्हाई. राग आला. अजूनबी आहे. गावाच्या आधी मला सांगायचं होतं. ज्या दिवशी डाक्टरनं सांगितलं त्या दिवशी औरंगाबादहून अंबडला एस.टी. आली, तशी अंबडहून इकडंबी येती. मी इतके उपास केले, कडू काढे पेले, आत्याबाईंनी ज्या ज्या दारात नेलं त्या त्या दारात बसले. कुणाच्या बारशाला गेले न्हाई, कुणाचं लेकरू आपणहून उचललं न्हाई, की कुणाला वाईट वाटू नये. अन् तुम्ही मला लिहिलं, बल्ब आणायला गेल्तो.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना रडू आलं. वहिनीनं परात माझ्या हातातून काढून घेतली अन् स्वतः थापायला बसली. दादा त्या दिवशी शाळेत लवकर गेला. जी बाई बोलली ती चार दिसांनी विरजण मागायला आली. तिच्या घरी दोन म्हशी आहेत, तिला विरजण कशाला लागतं? मी दिलं. ती वाटी घेऊन दारात उभीच राह्यली. मंग म्हणली, "पिच्चर चांगला व्हता." मी म्हणलं, हो.

तुमच्या साहेबांना सांगा, तुमच्या पिच्चरचा इथं काय उपयोग झाला ते. वस्तीतली लेकरं रोज आमच्या अंगणात चिमण्या चिमण्या खेळतात. दोन पिल्लांच्या खोप्यात जायला कुणी तयार न्हाई. तिथं नुसतं शाळेत जायचं असतं. सगळी सात पिल्लांच्या खोप्यात, अन् सगळ्यांनाच लठ्ठं व्हायचं असतं, त्यावरून मारामाऱ्या. मला त्यांनी लिंबाचं झाड केलं. हात पसरून उभं राहायचं. सगळी दंडाला लोंबकळतात, मंग फांदी मोडली म्हणून खाली पडतात, अन् परत चढतात. माझे दोन्ही खांदे दुखून राह्यलेत. काल दादा शाळेतून आला, बघत उभा राह्यला. मला वाटलं रागवंल. तो म्हणला, "हात जरा खाली धर, नाहीतर मोडंल."

तुम्हाला सगळे विचारतात, हे लेकरांचं का मोठ्यांचं. मला कुणी विचारलं न्हाई. मी उलट्या बाजूनं बघितलं, मला एवढं दिसलं की त्या खालच्या चिमणीला कुणी काही विचारत न्हाई. चिमणा दाणा आणतो, पिल्लं भांडतात, ती नुसती इकडून तिकडं उडती. तिला सात पायजे होती का दोन, का एकबी नको होतं? चित्र काढणाऱ्यानं तिला बोलायला लावायचं होतं. वरची चिमणी बोलती, खालची बोलत न्हाई. तुम्ही इतक्या गावांत दाखवला, तुमच्या ध्यानात आलं न्हाई का?

आता कामाचं. सही नको. फारकत नको. दुसरीकडं बघा असं मी दादाला म्हणलेलं न्हाई, तोबी म्हणलेला न्हाई. मी येणार. पण आत्याबाईंच्या घरात न्हाई. त्या म्हणल्या ते तुम्ही मला लिहून कळवलंत, ते चांगलं केलंत, आता ते मला विसरता येत न्हाई. त्यांना रोज सकाळी भाकरी मी नेऊन देईन, पण निजायला माझ्या घरी येईन. अंबडात एक खोली बघा. पाणी जवळ असू द्या. स्टँडकडं नको, तिथं रात्रभर भोंगे वाजतात. मोठी नको. दोन माणसांना पुरंल एवढी.

तुम्ही एकटे बघायला जाऊ नका. मी भीमजयंतीनंतर दादासंगं येते, दोघं मिळून जाऊ. घरमालक आधी जात विचारंल, ती सांगायची तुम्हाला सवय आहे. मंग तो विचारंल, लेकरं किती. तवा तुम्ही सांगा. माझ्याकडं बघू नका.

बेबीनंदा